शेफालीचा अकरावा चेहरा

सदाशिव पेठ, पुणे
२० जुलै २०२५

आमोद,

आशीर्वाद. इमेलच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात की नाही मला ठाऊक नाही, पण भाचा हैदराबादला नोकरीला लागला म्हणून मी काही त्याला ‘हाय’ लिहिणार नाही. फोनच केला असता. पण फोनवर मी शेफालीचं नाव काढलं, की तुझ्या मामांना लगेच पायात चपला सरकवून बाहेर जायचं सुचतं. दूध असतं, तरी दूध आणायला जातात.

नऊ ऑगस्टला शेफाली अठराची होईल. ‘झाली असती’ म्हणायला हवं. शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, पण एवढं एक वाक्य मला अजून नीट लिहिता येत नाही. तू दरवर्षीसारखं चित्र पाठवशील ना? सातव्या वर्षी डेंग्यूनं पोर गेली आणि पुढच्या वाढदिवसाला तू, बारावीतला मुलगा, कॉम्प्युटरवर तिला आठ वर्षांची करून घेऊन आलास. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले होते. तेव्हापासून दर वर्षी नवं चित्र त्याच फ्रेममध्ये जुन्याच्या पुढे घालते. फ्रेम आता इतकी भरली आहे, की मागचा पुठ्ठा बसत नाही. चिकटपट्टी लावली आहे.

यंदा तिला साडी नेसव, मोरपंखी. कॉलेजात मुली नेसतात एक दिवस.

आणि एक विचारू का? मागच्या वर्षीचं चित्र चांगलंच होतं, आलेगेले सगळे म्हणाले. पण यंदा थोडं बदलता येईल का? काय बदलायचं ते मला नीट सांगता येत नाही. त्यापेक्षा तू हे करतोस कसं, तेच एकदा समजावून सांग. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. गोड लागतंय म्हणून खात राहिले.

मामी

*

हैदराबाद
२४ जुलै

मामी,

हाय लिहीत नाही. घाबरलो.

ऐक. दिवसभर मी ऑफिसात गेमसाठी चेहरे बनवतो. शिपाई, दरोडेखोर, मेलेले राजे. शेफालीची फाइल त्या मशीनवर कधी उघडत नाही. ती माझ्या टॅब्लेटवर आहे, आणि सगळी वर्षं एकाच फाइलमध्ये आहेत.

फाइलमध्ये लेअर असतात. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समज. सगळ्यात खाली तिचा सातव्या वर्षीचा फोटो, गणपतीतला, झालरीच्या फ्रॉकमधला. त्याच्यावर दर वर्षाचा एक कागद. मागच्या वर्षीचा चेहरा फिकट करायचा आणि त्याच्यावर यंदाचा काढायचा. कुठला कागद किती दिसावा, त्याची टक्केवारी आपण ठरवतो. शून्य म्हणजे नाहीसा, शंभर म्हणजे पूर्ण.

पण मूल पुढे कसं दिसेल, ते एकट्या फोटोवरून कळत नाही. गाल उतरतात, जबडा लांबतो, नाकाचं हाड वर येतं. किती, ते आईवडिलांकडे बघून ठरवावं लागतं. म्हणून मधे दोन कागद जास्तीचे घालतो. त्या वयाचा तुझा फोटो आणि त्या वयाचा मामाचा. मग एक टूल आहे, त्यानं चेहरा कणकेसारखा ओढता येतो. तिचं नाक, हनुवटी, गालाची हाडं थोडी थोडी तुमच्याकडे सरकवत न्यायची. आई तुमच्या अल्बममधले फोटो मागून न्यायची ना, ते याच्यासाठी.

आणि खरं सांगू? फार ओढावं लागतच नाही. शेफाली म्हणजे मामीची कार्बन कॉपी, असं सगळे म्हणायचेच.

तेव्हा तुझा अठराव्या वर्षीचा फोटो लगेच पाठव. मामाचा पण.

आमोद

*

पुणे
२७ जुलै

आमोद,

पत्र दोनदा वाचलं. अल्बममधले फोटो तुझी आई भिशीत दाखवायला नेते, अशी माझी समजूत होती.

आपल्याकडे बाळ बघायला आलेली माणसं पाळण्यापाशी आधी नाकाची वाटणी करतात. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं. सगळं वाटून झालं, की मग चहा घेतात. शेफालीच्या वेळी यांच्या गोदाबाई आत्या आल्या होत्या. अर्धा मिनिट बघून त्यांनी निकाल दिला, नाक सुहासिनीचं, कपाळ श्यामचं. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती? तेच पुढे सगळ्यांनी चालवलं.

कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो सोबत पाठवते. त्यावर शिक्का आहे, तो गालावरच आला आहे. यांचा फोटो मिळणार नाही. मागायची सोय नाही.

मला एवढंच सांग, या चित्रात माझं प्रमाण किती असतं? ते कमी करता येतं का? शून्यच केलं, तर काय होतं?

मामी

*

हैदराबाद
१ ऑगस्ट

मामी,

शून्य काय? आरशात बघून स्वतःला नावं ठेवायची तुझी सवय जुनी आहे, पण पोरीच्या चेहऱ्यातून स्वतःला हाकलायचं म्हणजे कहर झाला. तो ओळखपत्रावरचा फोटो बघून मी गार पडलो. तू हिरॉइन होतीस.

आजवर तू चाळीस टक्के असायचीस आणि मामा वीस. यंदा मामाचा फोटो नाही, म्हणून तुला साठवर नेऊन बघितलं, आणि चेहरा एकदम जिवंत झाला. मागच्या वर्षी तुला जे खटकत होतं ना, ते हेच असणार. मामाचं कपाळ मधे येत होतं.

चित्र सोबत आहे. मोठं करून बघ. पापण्यांसाठी वेगळा ब्रश केला आहे मी, एकेक केस सुटा पडतो. साडीचे काठ तीनदा काढले. रूममेटनं खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, कोण रे ही, ओळख करून दे. मी टॅब्लेट उलटा ठेवला. पण मामी, बरं वाटलं मला. अठराव्या वर्षी तिला कुणीतरी असं म्हणायला हवंच होतं.

नऊ तारखेला फोन करतो.

आमोद

*

पुणे
३ ऑगस्ट

आमोद,

चित्र मिळालं. साडी सुरेख आहे.

मामी

*

हैदराबाद
१२ ऑगस्ट

मामी,

नऊला तीनदा फोन केला. शेवटी मामाला लावला, तर म्हणाला, “झोपली आहे.” सकाळी अकराला? तब्येत विचारली, तर म्हणाला, “तब्येतीला काय झालंय,” आणि ठेवला.

आईला विचारलं. ती म्हणते, यंदा तू कुणाला बोलावलंच नाहीस, खीरही केली नाहीस. माझं काही चुकलं का? प्रिंट काळपट आली का? स्क्रीनवरचे रंग कागदावर कधी कधी मरतात. तसं असेल, तर मी फाइल उजळून पाठवतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण काहीतरी लिही.

आमोद

*

पुणे
१५ ऑगस्ट

आमोद,

प्रिंट काळपट आली नाही. प्रिंट काढलीच नाही.

आठवड्यापूर्वी नेहमीच्या लॅबमध्ये गेले. काउंटरवर नवीन मुलगी होती. तिनं फाइल उघडली, एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, “काकू, तुमचा तरुणपणीचा फोटो काय मस्त कलर केलाय हो.” वाईट हेतूनं नव्हे, कौतुकानंच. मी म्हटलं, हो. पेन ड्राइव्ह परत घेतला आणि घरी आले.

हे पेपर वाचत बसले होते. यांना सगळं सांगितलं. तुझं ते चाळीस, साठ, कागद, कणीक, सगळं. यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “मग दहा वर्षं तू वाढदिवस कुणाचा करत होतीस?”

राग नव्हता रे त्यात. खरंच विचारत होते.

आता तुला जे सांगते आहे, ते तुझ्या आईलाही माहीत नाही. शेफाली आमच्या पोटची नव्हती. यांची बँकेतून नागपूरला बदली झाली होती, त्या तीन वर्षांत आम्ही तिला तिथल्या एका संस्थेतून आणलं. चार महिन्यांची होती. पुण्याला परत आलो, तेव्हा चांगली मांडीवर बसत होती. सगळ्यांनी गृहीत धरलं आणि आम्ही धरू दिलं. लाज नव्हती आमोद, लाज कसली. ती मोठी झाली, की आधी तिला सांगायचं आणि मग जगाला, असं ठरलं होतं. तिच्या आधी दुसऱ्या कुणाला कळायचं कारण काय? सात वर्षांच्या मुलीला सांगायची घाई नव्हती.

गोदाबाईंनी नाकाचा निकाल दिला, त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन, तोंडावर पदर आणि टॉवेल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. आमची गंमत होती ती. पुढे कुणीही “अगदी आईवर गेलीय” म्हणालं, की हे माझ्याकडे बघायचे.

तुझ्या चित्रांनी ती गंमत खरी केली. दहाव्या वर्षापर्यंत फ्रेममध्ये शेफाली होती. बाराव्या वर्षी तिला थोडं माझं नाक आलं. मला दिसलं ते, आणि मला फार आवडलं. कसं ते विचारलं नाही. पंधराव्या वर्षी येणारे जाणारे म्हणायला लागले, सुहासिनी, ही तूच गं. मी सुखानं हसायचे. मला जे देवानं दिलं नव्हतं, ते तू देत होतास. मागच्या वर्षी पहिल्यांदा मनात आलं, की हिच्यात शेफाली कुठे आहे?

पण याहून वाईट सांगायचं आहे. लॅबमधून आल्यापासून मी फोटो न बघता तिला आठवून बघते आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी माझं बोट धरून चालली होती. रस्ता, छत्री, पाठीवरचं दप्तर, सगळं दिसतं. तिला म्हणते, वर बघ. वर बघते, तर तिला तुझ्या चित्रातला चेहरा असतो. तापात निजली होती, ते आठवते, तर उशीवर तोच. सात वर्षांच्या अंगावर पंधरा वर्षांची मी.

तिची जन्मदाती कुठेतरी असेल. तिच्याकडे ते खरं नाक असेल. मी तिला कधी पाहिलेलं नाही, संस्थेनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आम्हा दोघांना त्या फाइलमधून काढ. पूर्ण शून्य कर, आणि काय उरतं ते मला पाठव.

मामी

*

हैदराबाद
१८ ऑगस्ट

मामी,

आज ऑफिसला गेलो नाही.

मी तिला सायकल शिकवली. माझ्या पाठीवर बसून तिनं माझे केस उपटले आहेत. मला ती आठवते, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. तुझं पत्र वाचून डोळे मिटले आणि बघितलं, तर मलाही मी काढलेलीच दिसली.

तू सांगितलंस तसं केलं. तुझा कागद बंद केला, मामाचा बंद केला. पण नुसतं तेवढ्यानं होत नाही. प्रत्येक वर्षाचा चेहरा आधीच्या वर्षाच्या चेहऱ्यावर काढलेला आहे, त्यामुळे तुम्ही सगळ्या कागदांत मुरलेले आहात. मग मी एकेक वर्ष घेतलं आणि जे जे तुमच्याकडे ओढलं होतं, ते पुसत मागे आलो. नाक गेलं, हनुवटी गेली, गाल गेले, ओठांच्या कडा गेल्या. शेवटी दोन डोळे, कान आणि कपाळावरचे केस उरले. बाकी पांढरं. हे तुला पाठवणार नव्हतो, पण तू पाठव म्हणालीस, आणि तुझ्याशी आता खोटं वागायचं नाही. सोबत आहे. एकटी असताना उघडू नकोस.

आता दुसरी टूल्स आली आहेत. लहानपणीचा एकच फोटो दिला, की वय वाढवून देतात. ऑफिसात आहेत आमच्या. पण ती काय करतात, तर जगातल्या हजारो अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवरून सरासरी काढतात. छान मुलगी येईल, नाही असं नाही. तुम्ही दोघं नसाल तिच्यात. शेफालीही नसेल.

तिचे सात वर्षांपर्यंतचे माझ्याकडे होते ते सगळे फोटो, एका रेषेलाही हात न लावता, वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवले आहेत. चित्रांचं काय करू?

आमोद

*

पुणे
२० ऑगस्ट

आमोद,

पाहिलं. हे शेजारी बसले होते. तुझं चित्र यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेही असं. स्क्रीनवरच्या कानाला बोट लावलं आणि म्हणाले, “हा तिचा आहे.”

सगळी चित्रं काढून टाक. अकराही.

मामी

*

हैदराबाद
२१ ऑगस्ट

मामी,

काढली. हे परत मिळणार नाही, नक्की काढायचं का, असं ते दोनदा विचारतं. दोन्ही वेळा हो म्हटलं.

आमोद

*

पुणे
३० ऑगस्ट

आमोद,

सुहासिनीच्या फोनवरून लिहितो आहे, तिला विचारून. माझा इमेल बँकेचा होता. तो निवृत्तीच्या नारळाबरोबर जमा झाला.

मामाला चित्रांचा राग आहे, असं तुला वाटत आलं असेल. राग नव्हता. पाहिली असती, तर मलाही आवडली असती, म्हणून पाहिली नाहीत. फ्रेम पुढच्या खोलीत होती. मी खुर्ची तिच्याकडे पाठ करून ठेवली आणि पेपर वाचला. लोकांना वाटलं, माणूस पेपराचा फार शौकीन आहे.

त्याचा आता उपयोग होतो आहे. माझ्याकडे ती जशी होती तशी आहे. दिवे लागले, की सुहासिनी विचारते आणि मी सांगतो. डावी भुवई मधे तुटलेली. हसायला लागली, की आधी वरची हिरडी दिसायची, मग दात. कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या, त्यामुळे कान टोचताना सोनार वैतागला होता आणि ही त्याच्यावर वैतागली होती. डोक्यात पुढेच भोवरा, भांग जन्मात सरळ पडला नाही. नाक बसकं होतं, सर्दी झाली की आणखी बसकं. ते आमच्या दोघांपैकी कुणाचं नव्हतं, आणि मला तेच सगळ्यात आवडायचं.

सुहासिनी डोळे मिटून ऐकते. पहिले दोन दिवस नुसती रडली. परवा मी विचारलं, दिसते का? तर म्हणाली, दिसली. आता रोज दिसते. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तू पोरसवदा होतास, तुला जे सुचलं ते तू मायेनं केलंस. आणि आता सगळं जागेवर आलं आहे.

ऑफिसला जात जा.

श्याममामा

*

पुणे
२ सप्टेंबर

आमोद,

यांनी तुला लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. एवढं लांब पत्र यांनी लग्नानंतर मलासुद्धा कधी लिहिलं नाही. वाचताना आवाज भरून आला, तर उगीच खोकले.

हे पत्र पाठवल्यावर मी फोनमधून काढून टाकणार आहे, कारण आता हा फोन हेही उघडतात. तूही याचं उत्तर देऊ नकोस.

तू पाठवलेला फोटो समोर धरला, की शेफाली दिसते. बाजूला ठेवला, की गेली. फोटोत ती नुसती कॅमेऱ्याकडे बघते. मला ती वरणभात खाताना हवी असते, हट्ट करताना, माझ्या कुशीत वळताना हवी असते. तिथे मी गेले, की ती दुसरी माझ्या आधी येऊन बसलेली असते. तू काढून टाकलीस म्हणून ती जात नाही. तुला दोष देत नाही, पण कुणाला तरी खरं सांगायला हवं, आणि तुला त्यातलं कळतं.

अकरा वर्षं हा माणूस तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. मला वाटायचं, विसरले. आता रोज दिवे लागले, की खुर्ची माझ्याकडे वळवून बसतात आणि सुरू करतात. भुवई सांगतात, हिरडी सांगतात. सांगताना चेहरा असा उजळतो, की मला त्यांच्याकडेच बघत राहावंसं वाटतं, पण डोळे मिटलेले ठेवावे लागतात. मधेच थांबून विचारतात, दिसतेय ना गं? मी हो म्हणते. भोवरा दिसतो का? हो. हसतेय का? हो, हसतेय.

मला काही दिसत नाही आमोद. त्यांना हे कधीही कळता कामा नये.

दिवे लावलेत त्यांनी. हाक मारताहेत. जाऊन डोळे मिटून बसते.

मामी